फिल्टरला कंठ फुटतो तेव्हा: सिंथेसायझरवर नुसता फिल्टर वाजवायचा कसा

पेटीवर मींड निघत नाही. गेली वीस-बावीस वर्षं मी फोंडा तालुक्यात भजनाला पेटीची साथ करतोय आणि एवढी एक गोष्ट मला कायम टोचत आली आहे. बुवा गंधारावरून पंचमावर असे सरकत जातात की मधला धागा कुठे तुटत नाही. मी मात्र गंधार सोडतो, मध्यमाला स्पर्श करतो आणि पंचमावर जाऊन बसतो. ऐकणाऱ्याला ते खटकत नाही, पण आपण मधलं काय गाळलं ते वाजवणाऱ्याला कळतं.

चार वर्षांपूर्वी भाच्याला बंगळूरला नोकरी लागली आणि त्याचा सिंथेसायझर आमच्या मार्दोळच्या घरी राहिला. "मामा, अधूनमधून चालू करत जा, नाहीतर पावसाळ्यात नॉब धरतात," एवढं सांगून तो गेला. एका रात्री मी तो चालू केला. ऑसिलेटर, म्हणजे मूळ सूर निर्माण करणारे भाग, सगळे बंद होते; यंत्रातून आवाज यायला काही कारणच नव्हतं. 'रेझोनन्स' लिहिलेला नॉब शेवटाकडे नेला आणि स्पीकरमधून एक बारीक, स्वच्छ सूर आला. शेजारचा 'कटऑफ' फिरवला तर तोच सूर खर्जापासून तारसप्तकापर्यंत सरकत गेला, मध्ये कुठेही पायरी न घेता. त्या रात्री मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली: गंधारावरून पंचमावर गेलो आणि परत आलो.

तेव्हापासून जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. ज्यांच्या हातात सिंथ नुकताच आला आहे, किंवा अजून आलेलाच नाही पण घरात संगणक आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

हा सूर येतो कुठून

देवळात भजन सुरू व्हायच्या आधी माईक स्पीकरच्या फार जवळ गेला की 'हूऽऽ' करून शिट्टी वाजते, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. माईकमध्ये शिरलेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन निघतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो. ज्या कंपनाला हा फेरा नेमका जुळतो ते कंपन इतरांना मागे टाकून पुढे येतं. फिल्टरच्या पोटात हेच घडतं.

फिल्टर म्हणजे गाळणी. लो-पास फिल्टर कटऑफच्या खालचं जाऊ देतो, वरचं अडवतो. त्याच्या बाहेर पडणारा आवाज थोडा उलटा करून पुन्हा आत सोडला की कटऑफच्या आसपासची कंपनं उठून दिसतात. या परतीच्या आवाजाचं प्रमाण म्हणजे रेझोनन्स, आपल्या भाषेत अनुनाद. मिनीमूग या सिंथवर याच नॉबला 'एम्फसिस' म्हटलं आहे, कॉर्ग एमएस-२० वर 'पीक', काही यंत्रांवर नुसतं 'क्यू'. नाव काहीही असो, काम तेच.

सिंथ बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्या शिडीसारख्या रचनेच्या फिल्टरचं उदाहरण घेऊ. त्याचं पेटंट १९६९ मध्ये मंजूर झालं. त्यात एकापाठोपाठ एक असे चार टप्पे असतात. कटऑफच्या कंपनाला प्रत्येक टप्पा ४५ अंशांनी मागे ढकलतो, म्हणजे चार टप्प्यांत १८० अंश, अर्धा फेरा. परत पाठवताना लाट उलटी केलेली असते, तो उरलेला अर्धा. फेरा पूर्ण झाला, आणि ते कंपन स्वतःलाच जाऊन मिळालं. प्रत्येक टप्प्यात त्याचा जोरही कमी होतो, साधारण ०.७ पट, चार टप्प्यांनंतर पाव हिस्सा उरतो. म्हणून परत पाठवताना त्याला चौपट जोर दिला की जेवढं गेलं तेवढं भरून निघतं आणि बाहेरून काही न घालता सूर चालू राहतो. चौपटीच्या वर गेलं तर आवाज वाढू लागतो, पण आतले ट्रान्झिस्टर एका हद्दीपुढे ताणले जात नाहीत, त्यामुळे तो एका पातळीवर स्थिरावतो.

अशा सुरात जवळजवळ फक्त मूळ स्वर असतो. तंबोऱ्याची तार छेडली की जवारीमुळे वरचे स्वर झुंबरासारखे लखलखतात. फिल्टरच्या सुरात ते लखलखणं नसतं. काहींना तो म्हणूनच कोरडा वाटतो. मला वाटत नाही. लपायला जागा नसलेला तो सूर आहे, आणि रियाजासाठी त्याहून कडक सोबती मी पाहिलेला नाही.

कोणत्या यंत्रावर जमेल

सगळ्या नाही. कित्येक यंत्रांत रेझोनन्स मुद्दामच अलीकडे अडवलेला असतो. मिनीमूग आणि त्याच्या वंशातली यंत्रं, रोलंडचा १९८२ चा एसएच-१०१, कॉर्गचा १९७८ चा एमएस-२० ही गाणारी यंत्रं. एमएस-२० वर हाय-पास आणि लो-पास असे दोन फिल्टर आहेत आणि दोन्ही गातात, म्हणजे एका यंत्रातून दोन सूर काढता येतात.

गोव्यात राहणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून इथेच सांगून टाकतो. नव्वदच्या दशकात हणजुण-वागातोरच्या किनाऱ्यावर जे संगीत वाढलं आणि जगभर गोवा ट्रान्स म्हणून गेलं, त्यातला तो पिळदार, कुरकुरणारा आवाज रोलंड टीबी-३०३ ने रूढ केला. तो रेझोनन्सचाच खेळ आहे, पण कारखान्यातून आलेल्या ३०३ चा फिल्टर आपणहून गात नाही. तो उंबरठ्याच्या अलीकडे थांबतो. तिथे ऑसिलेटर गातो आणि फिल्टर त्याला पिळतो. आपल्याला इथे ऑसिलेटर नकोच आहे.

पैसे घालायच्या आधी संगणकावर व्हीसीव्ही रॅक हा सिंथचा प्रोग्राम उतरवून घ्या. साधी आवृत्ती फुकट आहे. त्यातला व्हीसीएफ नावाचा मॉड्यूल, म्हणजे फिल्टरचा सुटा भाग, चांगला गातो. सुरुवातीला पाच गोष्टी पुरतात: कळांचा संदेश व्होल्टेजमध्ये बदलणारा मॉड्यूल, व्हीसीएफ, आवाज कमी-जास्त करणारा व्हीसीए, आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा एडीएसआर एन्व्हलप आणि आवाज बाहेर काढणारा ऑडिओ मॉड्यूल.

पहिली पायरी: कान सांभाळा

हे मी मधल्या कुठल्या तरी ओळीत टाकलं असतं, पण माझ्या कानात दोन दिवस शिट्टी राहिली होती म्हणून आधीच लिहितो. हेडफोन कानाला न लावता गळ्यात ठेवून सुरुवात करा. मुख्य आवाज पावपटीच्याही खाली ठेवा. गाणारा फिल्टर हळूहळू मोठा होत नाही. उंबरठा ओलांडला की एकदम पूर्ण जोरात येतो. ३ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो, आणि कटऑफचा नॉब नेमका तिथून जातो.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. कटऑफ फार वर असेल तर फिल्टर गात असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. एकदा मी "आवाज का येत नाही" म्हणून आवाजाचा नॉब वाढवत चाललो होतो, तेवढ्यात पडवीत झोपलेलं कुत्रं ताडकन उठून खोलीच्या दारात येऊन उभं राहिलं. कटऑफ शेवटाला टेकलेला होता. माझ्या वयाच्या कानाला तो सूर ऐकूच येत नव्हता, त्याला येत होता. आवाज वाढवण्याआधी कटऑफ कुठे आहे ते बघा. ट्वीटर (स्पीकरमधला उंच सुरांचा भाग) जळण्याचं हेही एक कारण असतं.

दुसरी पायरी: सगळं गप्प करा

मिक्सरमधले सगळे ऑसिलेटर, सब-ऑसिलेटर आणि नॉइज (नुसती खसखस) शून्यावर. फिल्टरचा प्रकार निवडता येत असेल तर लो-पास, आणि १२ व २४ डेसिबल (वरचं किती जोरात अडवायचं ते) असे पर्याय असतील तर २४. फिल्टरवर काम करणारा एन्व्हलप शून्यावर, एलएफओ (सावकाश हलवणारा ऑसिलेटर) शून्यावर. व्हीसीएचा एन्व्हलप असा ठेवा की कळ दाबली की आवाज सरळ येईल आणि सोडली की थांबेल: अटॅक (चढण्याचा वेळ) शून्य, सस्टेन (धरून ठेवायची पातळी) पूर्ण, रिलीज (सोडल्यावर विरण्याचा वेळ) अगदी थोडा. कटऑफ मध्यावर. आता एक कळ दाबून धरा. काही ऐकू येता कामा नये.

तिसरी पायरी: उंबरठा शोधा

रेझोनन्स हळूहळू वाढवा. अगदी हळू. बहुतेक यंत्रांत १० पैकी ७ ते ९ च्या दरम्यान कुठेतरी सूर जागा होतो. तो जागा झाला की नॉब किंचित मागे आणा आणि सूर विरतो कुठे ते ऐका. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. या चिंचोळ्या पट्टीत पहिले दोन दिवस घालवा, नंतरच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी इथून निघतात.

या पट्टीत चार गोष्टी हाताला लागतील. उंबरठ्याच्या अगदी पुढे सूर सगळ्यात कोवळा असतो. रेझोनन्स आणखी रेटला की त्यात थोडी धार येते, कारण लाट दोन्ही टोकांना दबू लागते. खालच्या सुरांत जागं व्हायला वेळ लागतो, कारण आवाज प्रत्येक कंपनागणिक थोडाथोडा वाढतो आणि खर्जात सेकंदाला कंपनंच कमी. आणि उंबरठा सगळीकडे सारखा नसतो. कित्येक यंत्रांत कटऑफ खाली आणला की रेझोनन्स थोडा जास्त द्यावा लागतो.

फिल्टर मुळीच जागा होत नसेल तर त्याला धक्का हवा आहे. खऱ्या सर्किटमध्ये विजेची बारीक खसखस सतत असते, तीच बीज ठरते. संगणकाच्या शून्यात मात्र शून्यच असतं, त्यातून कितीही फेरे मारले तरी काही निघत नाही. व्हीसीव्हीच्या व्हीसीएफमध्ये म्हणूनच ऐकू न येणारा अत्यंत बारीक नॉइज मुद्दाम मिसळलेला आहे. तुमच्या यंत्रात तशी सोय नसेल तर नॉइजचा नॉब केसभर उघडा, सूर लागला की बंद करा.

चौथी पायरी: कळांना सूर शिकवा

आता कुठलीही कळ दाबा, सूर एकच येईल. सूर कटऑफ ठरवतोय, कळ नाही. कळेची उंची कटऑफपर्यंत पोचवणारा दुवा म्हणजे 'की ट्रॅकिंग' किंवा 'कीबोर्ड फॉलो'. तो १०० टक्के असेल तर एक सप्तक वर गेल्यावर कटऑफही एक सप्तक वर जातो. एसएच-१०१ वर त्याची सरकपट्टी आहे, ती वरपर्यंत न्या. मिनीमूगवर एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अशी दोन बटणं आहेत. दोन्ही चालू केली की पूर्ण होतं. व्हीसीव्हीमध्ये कळांच्या मॉड्यूलचं व्होल्टेज, म्हणजे सप्तकाला एक व्होल्ट, कटऑफच्या इनपुटला जोडा आणि त्या इनपुटचा छोटा नॉब १०० टक्क्यांवर ठेवा.

सूर लावताना मी ट्यूनर बघत नाही, पेटी घेतो. काळी एकचा षड्ज धरा, साधारण २७७ हर्ट्झ. सिंथवर तीच कळ दाबा आणि कटऑफ हळूहळू जवळ आणा. दोन सूर जवळ आले की आवाज लाटांसारखा हलू लागतो: २७७ आणि २७९ असतील तर सेकंदाला दोन लाटा. लाटा मंदावत जातील, लांबट होतील, मग थांबतील. तो क्षण कानाने पकडायचा. पेटीच्या सुरात वरचे स्वर भरपूर असल्यामुळे फिल्टरचा सूर जुळला की तो पेटीत बुडून जातो. आवाज दोनचा एक होतो.

मग एक सप्तक वर जा. तिथे सूर चढा असेल तर ट्रॅकिंग जास्त आहे, उतरा असेल तर कमी. ट्रॅकिंग थोडं हलवलं की खालचा षड्जही थोडा हलतो, म्हणून परत खाली या, कटऑफ लावा, परत वर जा. चार-पाच फेऱ्यांत जमतं. सगळी सप्तकं जुळतील अशी आशा धरू नका. दोन ते अडीच सप्तकं सुरात मिळाली तरी भजन, नाट्यपद, काय हवं ते वाजतं.

आमच्या हवेबद्दल इथे बोललंच पाहिजे. ट्रान्झिस्टरचा स्वभाव तापमानाबरोबर बदलतो, एका अंशाला सुमारे ०.३३ टक्के. ऑसिलेटरमध्ये याची भरपाई करणारे भाग बसवलेले असतात, फिल्टरमध्ये पुष्कळदा नसतात, कारण फिल्टरने सुरात गावं अशी बनवणाऱ्याची अपेक्षा नसते. भरपाई नसेल तर खोली ५ अंशांनी तापल्यावर, सर्किटच्या मूळ बिंदूपासून दोन सप्तकं दूरचा सूर ४० सेंटच्या (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) आसपास सरकू शकतो. म्हणजे पाव स्वराच्या जवळ! एप्रिलमध्ये दुपारी लावलेला षड्ज संध्याकाळी वारा सुटल्यावर तोच राहत नाही. म्हणून यंत्र अर्धा तास आधी चालू करून ठेवा, पंख्याचा झोत त्यावर येऊ देऊ नका, आणि पावसाळ्यात वीज जाऊन आली की पुन्हा सूर लावल्याशिवाय वाजवू नका. संगणकावर हा त्रास नाही, तेवढं त्याचं सुख.

पाचवी पायरी: मींड

ज्यासाठी मी या वाटेला लागलो ती ही.

पहिली रीत हाताची. एक कळ दाबून धरा आणि कटऑफचा नॉब फिरवा. सोपं वाटतं, पण मोठ्या नॉबवरसुद्धा एक स्वर म्हणजे बोटाची जरा हालचाल. अंगठा आणि तर्जनीत नॉब धरण्यापेक्षा करंगळी यंत्राच्या पत्र्यावर टेकवा आणि मनगट स्थिर ठेवा. मी नॉबभोवती कागदाची चकती लावून त्यावर पेन्सिलीने सा, ग, प च्या खुणा केल्या होत्या. आठवड्याने चकती काढली, कारण डोळा खुणेकडे लागला की कान सैल पडतो. नॉब फार संवेदनशील असेल तर कटऑफ तसाच ठेवून एन्व्हलपचं प्रमाण किंवा पिच-बेंडचं चाक वापरा. यंत्र परवानगी देत असेल तर बेंडची झेप पाच स्वरस्थानांची ठेवा, म्हणजे षड्जापासून मध्यमापर्यंत जाता येतं.

दुसरी रीत ग्लाइड म्हणजे पोर्टामेंटोची. ग्लाइड चालू केलं की एका कळेवरून दुसरीवर सूर सरकत जातो. काही यंत्रांत ग्लाइड फक्त ऑसिलेटरला लागू होतो, फिल्टरच्या ट्रॅकिंगला नाही. तसं असेल तर हाताचीच रीत. ग्लाइडचा एक दोष आहे: प्रत्येक मींड एकाच चालीने जाते. गळा तसा जात नाही. तो मूळ स्वरावर रेंगाळतो, मध्ये वेग घेतो आणि पोचताना पुन्हा सावकाश होतो. म्हणून मी ग्लाइड छोटं ठेवतो आणि मोठी मींड हातानेच घेतो.

आंदोलनासाठी एलएफओ कटऑफला जोडा, त्रिकोणी किंवा साइन आकार, सेकंदाला एक-दीड फेरा, हलण्याची खोली अगदी थोडी. दरबारीतल्या गंधारासारखं काही साधायचं असेल तर एलएफओ पुरत नाही, तिथे नॉबच हवा. पण हात बसेपर्यंत एलएफओवर कान तयार होतो.

सहावी पायरी: घुमट

चवथीला आमच्याकडे आरतीला घुमट, शामेळ हे तालवाद्य आणि कासाळे ही झांज असतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं. घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्यामुळे आता बकऱ्याचं चढवतात. वाद्याची रचना बघा: मातीचं मडकं, एका बाजूला कातडं, दुसऱ्या बाजूचं लहान तोंड उघडं. उजवा हात कातड्यावर थाप देतो आणि मडक्यातली हवा घुमते. डाव्या तळव्याने उघडं तोंड झाकत आणलं की हवेची वाट अरुंद होते आणि घुमारा खाली उतरतो. थाप हा धक्का, मडकं हा अनुनाद. म्हणजे मडकं हा मातीचा फिल्टर आहे, असं मला घुमट वाजवताना आता वाटतं.

हे सिंथवर करायच्या दोन वाटा आहेत. साध्या, जोडण्या न बदलता येणाऱ्या सिंथवर फिल्टर गाता ठेवा, कटऑफ खर्जात आणा, ६० ते १०० हर्ट्झच्या आसपास. व्हीसीएचा अटॅक शून्य, डिके (उतरण्याचा वेळ) पाव सेकंद, सस्टेन शून्य. फिल्टरच्या एन्व्हलपलाही तसंच, पण डिके त्याहून बराच छोटा, आणि प्रमाण थोडंसंच. थाप पडते तेव्हा सूर वरून झर्रकन खाली येतो, आणि कानाला तो ठोका वाटतो. प्रमाण जास्त झालं तर ठोक्याचा 'प्यूं' होतो. कमी करत या. मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकूच येणार नाही, हेडफोन घ्या.

मॉड्युलरवर (सुटे भाग तारांनी जोडायचा सिंथ) किंवा व्हीसीव्हीमध्ये अधिक खरी वाट आहे. रेझोनन्स उंबरठ्याच्या किंचित अलीकडे आणा, जिथे फिल्टर गात नाही पण गायच्या बेतात असतो. आता त्याच्या ऑडिओ इनपुटला एक टिचकी द्या. फिल्टर घणघणतो आणि विरतो. टिचकीसाठी कळांचं गेट (कळ दाबलेली असेपर्यंत चालू राहणारं व्होल्टेज) सरळ जोडलं तर कळ सोडतानाही दुसरी टिचकी पडते, म्हणून गेटने एडीएसआर चालवा, अटॅक शून्य, डिके अगदी छोटा, सस्टेन शून्य, आणि एडीएसआरचं आउटपुट फिल्टरच्या ऑडिओ इनपुटमध्ये घाला. इथे व्हीसीएची गरजच उरत नाही. रेझोनन्स जितका उंबरठ्याजवळ, तितका घुमारा लांब. टिचकीबरोबर चिमूटभर नॉइज दिला की कातड्यावरचा हात ऐकू येतो. आणि कटऑफवर ठेवलेला तुमचा डावा हात म्हणजे मडक्याच्या तोंडावरचा तळवा.

रोलंड टीआर-८०८ हे १९८० चं तालयंत्र जगभर गाजलं ते त्याच्या खोल बास ड्रमसाठी. त्यातही मुळात हेच आहे: गायच्या बेतात असलेल्या सर्किटला दिलेली टिचकी.

सातवी पायरी: देवळातली घंटा

एक ऑसिलेटर परत चालू करा, पण तो मिक्सरमध्ये घालू नका. त्याला कटऑफ हलवायला लावा. एलएफओ जे सावकाश करतो तेच हा सेकंदाला शेकडो वेळा करतो, त्यामुळे कानाला हलणं ऐकू न येता नवे स्वर ऐकू येतात. ऑसिलेटर फिल्टरच्या सुराच्या १.४ पट असा आडनिडा ठेवला की ते स्वर एकमेकांत बसत नाहीत आणि धातूचा नाद येतो. लांब डिके द्या. मिनीमूगवर तिसरा ऑसिलेटर या कामाला लावता येतो. एक लक्षात ठेवा: हलण्याची खोली वाढवली की मूळ सूरही चढतो, तेव्हा कटऑफ पुन्हा लावावा लागतो.

आठवी पायरी: तंबोऱ्याचं पोट उघडून बघा

हा प्रयोग मी प्रत्येक नवशिक्याला करायला लावतो, मग तो सिंथवाला असो की गाणारा.

ऑसिलेटरचा करवती आकाराचा खर्ज सूर, काळी एकच्या दोन सप्तकं खाली, मिक्सरमध्ये अगदी थोडा उघडा. फिल्टर गाता ठेवा. आता कटऑफ अतिशय सावकाश वर न्या. मघाशी जो सूर सलग सरकत होता तो आता टप्प्याटप्प्याने जातो. एका स्वरावर चिकटतो, सुटतो, पुढच्यावर चिकटतो. ऑसिलेटरच्या सुरात दडलेले वरचे स्वर फिल्टरच्या सुराला आपल्याकडे ओढून घेतात. क्रम ऐका: सा, वरचा सा, प, सा, ग, प, मग कोमल निषादाहून थोडा उतरा असा एक, आणि पुन्हा सा. तंबोरा नीट जुळला की षड्जाच्या तारेतून जो गंधार आपणहून ऐकू येतो, तो हाच पाचवा. वर्षानुवर्षं आपण तो ऐकत आलो, इथे त्याच्यावर बोट ठेवता येतं. तो गंधार पेटीच्या गंधारापेक्षा थोडा उतरा आहे, हेही तेव्हाच कळतं. मी पेटीवर गंधार दाबला, मग फिल्टरवरचा ऐकला, परत पेटीवर दाबला. त्या दिवसापासून यमनात गंधारावर मी पेटी जरा हलकी धरतो आणि ती जागा बुवांच्या गळ्याला मोकळी सोडतो.

ऑसिलेटरचा आवाज थोडा वाढवला की चिकटण्याची ओढ वाढते, कमी केला की सूर पुन्हा मोकळा होतो. मींड घेताना पंचमावर नेमकं थांबायला याचा उपयोग होतो: खर्ज अगदी पुसट ठेवा, पंचमापाशी हात पोचला की सूर स्वतःच तिथे बसतो.

अडलं तर

सूर थरथरत असेल आणि एलएफओ बंद असेल, तर यंत्राचा अडॅप्टर बदलून बघा. त्यातली घरघर कटऑफमध्ये शिरते. नॉब फिरवताना खरखर होत असेल तर ती आमच्या दमट हवेची देणगी: यंत्र बंद करा, नॉब दोन्ही टोकांपर्यंत वीस-तीस वेळा फिरवा, तरी राहिली तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर. कापड घालून झाकलेलं यंत्र पावसाळ्यात आतून घाम धरतं. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवलेलं बरं. भाचा म्हणाला होता ते खरंच होतं.

कळ सोडल्यावरही सूर मागे पुसट ऐकू येत असेल तर व्हीसीए पूर्ण बंद होत नाही. जुन्या यंत्रांत हे चालतंच. रेकॉर्डिंग करताना कटऑफ अगदी खाली घेऊन ठेवा.

आणि वही ठेवा. जुन्या सिंथला स्मरणशक्ती नसते. नॉब हलला की पॅच, म्हणजे नॉबांची जुळवलेली मांडणी, गेली. माझ्या वहीत चवथीच्या आधीच्या रात्रीचं पान असं आहे: कटऑफ २.३, रेझोनन्स ८ च्या केसभर अलीकडे, फिल्टर एन्व्हलप १, डिके २, नॉइज जेमतेम, खोली २८ अंश, पंखा बंद. खाली भाच्याने फोनवर ऐकून सांगितलेलं लिहून ठेवलंय: "मामा, डिके अजून थोडा. मडकं मोठं वाटू दे."